6,720 उंबऱ्यांचं घरकुल

चिखलीच्या घरकुलात पहाटे साडेपाचला दिवे लागतात ते कंपनीच्या बसमुळे. गळ्यात ओळखपत्राची पट्टी, हातात डबा, जिन्यात कुणीतरी लावून ठेवलेल्या सायकलीला वळसा घालत माणसं खाली उतरतात. बस चाकणच्या दिशेने निघून गेली की आवार बायकांच्या आणि पाण्याच्या निळ्या पिंपांच्या ताब्यात जातं.

कागदोपत्री हा सेक्टर 17 आणि 19. पण रिक्षावाल्याला सेक्टर सांगाल तर तो क्षणभर विचारात पडेल. नुसतं ‘घरकुल’ म्हणा, मीटर न टाकता निघतो. एकूण 160 इमारती, दर इमारतीत 42 घरं. रंग सारखा, खिडक्या सारख्या. नवा पाहुणा हमखास चुकीच्या जिन्यात शिरतो आणि तिसऱ्या मजल्यावर भलत्याच घराची बेल वाजवतो.

या पट्ट्यात कामगार आधी आला आणि त्याचं घर मागाहून, रखडत. अपवाद हिंदुस्तान अँटिबायोटिक्सचा. 1954 साली स्थापन झालेल्या या कंपनीने पिंपरीत कारखान्यासोबत वसाहतही उभी केली. साठच्या दशकात एमआयडीसी आली, कारखाने वाढले आणि गावठाणांतल्या खोल्या भरून वाहू लागल्या. म्हणून 1972 साली नवनगर विकास प्राधिकरण स्थापन झालं. शेतकऱ्यांच्या जमिनी घेतल्या, पेठा आखल्या. आज निगडी प्राधिकरणातला बंगला कुठल्या कामगाराच्या पगारात बसतो, हे विचारण्यात अर्थ नाही.

घरकुलाने ती उणीव भरून काढायची होती. 2005 साली सुरू झालेल्या नेहरू नागरी पुनरुत्थान अभियानातून केंद्राचे आणि राज्याचे पैसे आले, बांधकाम महापालिकेने केलं आणि लाभार्थ्याने सुमारे पावणेचार लाख भरले. संकल्प 13,250 घरांचा होता, उभी राहिली 6,720. तरीही सोडतीत नाव निघालेल्या माणसाला विचारा. बँकेचा हप्ता फिटला, तेव्हा त्याने दारावर नावाची पितळी पाटी लावली. ती आता काळवंडली आहे, पण दिवाळीत चिंच लावून घासली जाते.

पाटीवर एक नाव आणि आत राहणारं भलतंच, अशीही दारं इथे आहेत. घर भाड्याने द्यायला मनाई असली, तरी चाकणच्या कंत्राटी पोराला ती मनाई पाळून कसं चालेल? अकरा महिन्यांच्या कंत्राटावर कर्ज कोण देणार? त्याला घर नको, कॉट हवी. चार जणांनी भाडं वाटून घ्यायचं, शिफ्टप्रमाणे झोपायचं.

अमेरिकेने हा प्रश्न दुसऱ्या टोकाने हाताळला. तिथे 1986 पासून स्वस्त भाड्याची घरं बांधणाऱ्याला करसवलत मिळते. ती तो गुंतवणूकदारांना देतो आणि त्यांच्याकडून बांधकामाचं भांडवल उभं करतो. बदल्यात वर्षानुवर्षं भाडं आवाक्यात ठेवायचं, ही अट. त्यामुळे छोट्या शहरांतही अशा इमारती झाल्या. आपल्याकडे 2016 च्या अर्थसंकल्पात छोट्या घरांच्या प्रकल्पांना नफ्यावरचा आयकर माफ झाला खरा, पण ती विकायची घरं. भाड्याच्या घरांची केंद्रीय योजना आली 2020 मध्ये, टाळेबंदीत मजूर पायी गावाकडे निघाले त्यानंतर. माझ्या मते इथे चुकलं ते हेच: नोकरी हंगामी झाली, योजना मात्र मालकीच्या सातबाऱ्यातच अडकून राहिली.

संध्याकाळी वडापावच्या गाडीशी गर्दी होते. शेजारच्या विजेच्या खांबावर हाताने लिहिलेली चिठ्ठी डकवलेली असते: ‘कॉट बेसिस, फक्त मुलांसाठी, पाणी दोन वेळ’. खाली नंबराच्या कातरलेल्या पट्ट्या. मी पाहिली तेव्हा त्यांतली एकच उरली होती.