माहेरच्या वाटेवर गळ

मुंबईच्या हॉटेलांत रावसाचे नाव इंग्रजीत छापायची वेळ आली की 'इंडियन सॅमन' असे छापतात. रावस उत्तम मासा आहे, त्याच्या चवीविषयी माझी तक्रार नाही. पण सॅमनशी त्याचे नातेगोते काही नाही. रावस आयुष्यभर किनाऱ्याकिनाऱ्याने, खाडीच्या तोंडाशी वावरतो. खरा सॅमन जन्मतो नदी-ओढ्याच्या गोड्या पाण्यात, वाढतो समुद्रात, आणि पिल्ले घालायला परत आपल्या जन्माच्या ओढ्यात येतो. प्रशांत महासागरातले सॅमन तर एकदाच येतात. अंडी घातली की नर-मादी दोघेही मरतात. परतीचे तिकीट नसलेला प्रवास.

अमेरिकेच्या वायव्य कोपऱ्यातल्या वॉशिंग्टन राज्यात हूड कॅनाल नावाचे एक पाणी आहे. नाव कॅनाल असले तरी ते कुणी खणलेले नाही. हिमनदीने कोरलेली, डोंगरांच्या पायथ्याशी शिरलेली ती समुद्राची लांबच लांब चिंचोळी खाडी आहे. जॉर्ज व्हँकुव्हर या इंग्रज दर्यावर्दीने १७९२ साली तिला लॉर्ड हूडचे नाव दिले. रोजनिशीत त्याने 'चॅनल' लिहिले आणि नकाशावर 'कॅनाल' उमटले. दप्तरात एकदा चढलेली नोंद सहसा कुणी दुरुस्त करीत नाही, हे बँकेत आयुष्य काढलेल्या माणसाला वेगळे सांगायला नको. योगायोग असा की ज्या माशाविषयी मी लिहितो आहे त्या चम सॅमनला शास्त्रीय नाव मिळाले तेही १७९२ सालीच, वालबाउम नावाच्या जर्मन पंडिताकडून. त्या नावातला 'केटा' हा शब्द सायबेरियाच्या पूर्वेकडच्या लोकांच्या बोलीतला. 'चम' म्हणजे इंग्रजीत दोस्त; पण इथे दोस्तीचा संबंध नाही. त्या किनाऱ्यावरचे मूळ रहिवासी आणि व्यापारी यांच्यात जी मिश्र बाजारबोली चालत असे, तिच्यात ठिपकेदार किंवा चट्ट्यापट्ट्यांच्या वस्तूला असा शब्द होता, त्यावरून हे नाव पडले.

पट्टे मात्र अगदी शेवटी येतात. समुद्रात असताना चम चांदीसारखा लखलखीत असतो. गोड्या पाण्याची ओढ लागली की अंग शेवाळी हिरवे होते, त्यावर जांभळट-तांबडे उभे पट्टे उमटतात, नराचा जबडा पुढे वाकतो आणि त्यात कुत्र्यासारखे सुळे वाढतात. मादीच्या अंगावर आडवा काळा पट्टा येतो. या सुळ्यांमुळे त्याला 'डॉग सॅमन' असेही म्हणतात. उत्तरेकडे बर्फातल्या गाड्या ओढणाऱ्या कुत्र्यांना हाच मासा वाळवून घालीत, हे त्या नावाचे दुसरे स्पष्टीकरण.

आमची मुलगी सिअ‍ॅटलजवळ असते. जावई मालवणचे. संगणकाच्या नोकरीत असले तरी माशाचे नाव काढले की त्यांचा चेहरा बदलतो. २०२२ च्या नोव्हेंबरात त्यांनी मला भल्या पहाटे उठवले आणि दोनेक तास मोटार हाकून हूडस्पोर्ट नावाच्या चिमुकल्या गावी नेले. तिथे फिंच क्रीक नावाचा ओढा खाडीला मिळतो आणि त्या ओढ्याच्या अगदी तोंडाशी राज्य सरकारच्या मत्स्य खात्याचे मत्स्यबीज केंद्र आहे, ज्याला तिकडे हॅचरी म्हणतात. पाण्यात पिवळे बोये बांधलेले. त्यांच्या बाहेर, गुडघ्याएवढ्या, कमरेएवढ्या पाण्यात, रबरी विजारी चढवून माणसे खांद्याला खांदा लावून उभी. आपल्या लोकलच्या दारातली गर्दी जरा विरळ केली तर अशी दिसेल. कडेला चाकाच्या खुर्चीतल्या लोकांना बसल्या बसल्या गळ टाकता यावा म्हणून एक वेगळा कट्टा बांधलेला आहे. तो पाहून मला फार बरे वाटले.

"बाबा, तुम्ही इथंच दगडावर बसा. भरती लागली की बघा गंमत," जावई म्हणाले.

सगळे शास्त्र त्या भरतीत आहे. ओहोटीला पाणी दूर जाते, चिखल उघडा पडतो, मासे खोल पाण्यात घुटमळत राहतात. भरतीचे पाणी चढू लागले की ओढ्याच्या वासाने ते किनाऱ्याशी येतात. पाण्यावर एक फुगवटा सरकताना दिसतो, मध्येच एखादा मासा आडवा उसळून धप्पकन पडतो. जाणकार माणूस उसळलेल्या माशाच्या मागे गळ फेकीत नाही. तो पाठोपाठ येणाऱ्यांच्या वाटेवर, थोडा पुढे फेकतो.

आता गंमत अशी की या वेळी चमने खाणे जवळजवळ सोडलेले असते. पोट आक्रसलेले, आत फक्त गाबोळी किंवा रेत. मग भूक नसलेल्या माशाला आमिष कसले दाखवायचे? डिवचणे हाच उपाय. नाकासमोर काहीतरी भडक, फडफडणारे आले की तो चिडून तोंड मारतो. आणि चमच्या बाबतीत भडक म्हणजे हिरवे. आपल्याकडे ज्याला पोपटी म्हणतात त्याहून झगझगीत, रस्ता झाडणाऱ्या कामगारांच्या जाकिटासारखे. गुलाबी, जांभळे आमिषही चालते, पण तिथल्या प्रत्येक पेटीत पोपटी पहिले. हाच रंग का, याची कारणे मी चौघांना विचारली आणि पाच उत्तरे मिळाली.

पद्धती मुख्यतः तीन दिसल्या. सर्वांत सोपी बुचाची. दोरीवर तरंगते बूच, त्याखाली दोन ते पाच-सहा फुटांवर शिशाचे डोके आणि पिसांचा झुबका असलेला छोटा गळ, ज्याला जिग म्हणतात. त्याच्या टोकाला कोलंबीचा बोटभर तुकडा. लाटेबरोबर बूच हलते, तसा खाली झुबका नाचतो. बूच बुडाले की काठी उचलायची. आमच्या कोकणातल्या पोराला हे शिकवावे लागणार नाही. दुसरी पद्धत मला जास्त आवडली. सुपारीएवढा हलका रंगीत मणी, त्यामागे गळ आणि गळाला लोकरीचा बोटाच्या पेराएवढा हिरवा धागा. मणी आमिषाला तळापासून वर धरतो. लोकर कशाला, तर माशाचे ते सुळे तिच्यात अडकतात आणि थुंकून टाकायला त्याला क्षणभर उशीर होतो. तेवढ्या क्षणावर सगळा खेळ. तिसरी पद्धत लांब फेकणाऱ्यांची. शिशाचा चौकटच्या आकाराचा रंगीत तुकडा, बझ बाँब नावाचा, दूर फेकायचा, बुडू द्यायचा, मग काठीला हिसका देऊन वर घ्यायचा आणि पुन्हा पडू द्यायचा. मासा बहुधा तो पडत असतानाच धरतो, म्हणून दोर ढिला सोडून चालत नाही.

काठी आठ-नऊ फुटांची, दोर भक्कम. चार-पाच किलोंचा मासा तर नेहमीचा, सात किलोंचाही नवलाचा नाही. काठीवर पकडलेल्या चमचा विक्रम ३५ पौंडांचा, म्हणजे सुमारे सोळा किलोंचा आहे. तो १९९५ साली कॅनडाच्या किनाऱ्यावर नोंदला गेला. गळाला लागला की चम सरळ समुद्राकडे धावतो. मग "फिश ऑन!" अशी आरोळी उठते आणि आजूबाजूचे सगळे मुकाट्याने आपापले दोर गुंडाळून वाट करून देतात. न देणाऱ्याकडे असे काही बघतात की तो पुढच्या वेळी विसरत नाही. एवढे करून मासा किनाऱ्याला येईलच असे नाही. तिथे सील आहेत. गोल टकलाची डोकी पाण्यावर काढून ते वाट बघत असतात आणि दमलेला मासा गळासकट पळवतात. त्यांना परवाना लागत नाही.

माणसांना लागतो. त्याच्याबरोबर एक नोंदीचे कार्डही मिळते. मासा ठेवायचा ठरला की तिथल्या तिथे, शाईने, तारीख, ठिकाण आणि जात लिहायची. घरी जाऊन लिहीन म्हटले तर तो गुन्हा. जावई ओल्या, कापऱ्या बोटांनी ते भरीत होते तेव्हा मला आमच्या कॅश काउंटरची आठवण झाली. गळाला उलटा काटा चालत नाही, तो चिमट्याने दाबून सपाट करतात, म्हणजे सोडायचा मासा फार न फाटता सुटतो. आणि सगळ्यांत मोठा नियम: मासा तोंडात लागला तरच आपला. पाठीत, पोटात, शेपटीत गळ रुतला असेल तर कितीही मोठा असो, परत पाण्यात.

हा नियम वाटतो तेवढा किरकोळ नाही. इतकी गर्दी करून मासे उभे असतात की नुसता रिकामा गळ जोरात ओढला तरी कुणाच्या तरी अंगात घुसतो. तसे ओढणारे महाभाग तिथेही आहेत. माझ्या समोरच एकाने पाठीत रुतलेला मोठा नर बाहेर काढला, इकडे तिकडे पाहिले आणि पिशवीकडे हात नेला. शेजारचा पिकल्या दाढीचा म्हातारा काही बोलला नाही. त्याने फक्त आपला दोर गुंडाळला आणि त्या माणसाकडे बघत उभा राहिला. मासा पाण्यात गेला.

पण मला पडलेला प्रश्न त्याच्या अलीकडचा होता. तीन-चार वर्षे समुद्र पालथा घालून जो जीव घराच्या उंबऱ्यापाशी आला, त्याला शेवटच्या शंभर पावलांवर अडवायचे, याला खेळ म्हणावे का? मी जावयांना तसे विचारले. ते हसून म्हणाले, "बाबा, आपल्याकडं मृगाच्या पावसात चढणीचे मासे धरतात, ते काय वेगळं?" मला उत्तर सुचले नाही. पहिल्या पावसात ओढ्याला पाणी आले की अंड्यांनी भरलेले मासे शेतात चढतात आणि आपण टोपल्या, काठ्या, कंदील घेऊन धावतो. समुद्रात जून-जुलैला यांत्रिक बोटींना बंदी असते, पण शेताच्या बांधावर कोण कुणाला अडवतो!

हूडस्पोर्टला निदान हिशेब ठेवलेला आहे. हे मासे हॅचरीचेच. १९५० च्या दशकात हे केंद्र उभे राहिले. गळांतून निसटलेले मासे पायऱ्यापायऱ्यांच्या पाटाने वर चढून त्याच्या तलावात येतात. तिथे मादीचे पोट चिरून गाबोळी बादलीत घेतात; एकेका मादीची अडीच-तीन हजार अंडी, पिकल्या करवंदाएवढी नसली तरी मटारएवढी, नारिंगी. त्यावर नराचे रेत पिळतात, पाणी घालून हलवतात, आणि ती अंडी अंधाऱ्या खोलीत वाहत्या पाण्याच्या तबकांत ठेवतात. ओढ्यात शंभर अंड्यांतून दहाएक पिल्ले निघाली तर पुष्कळ. इथे ऐंशी-नव्वद निघतात. चम हॅचरीवाल्यांचा लाडका आहे, कारण त्याची पिल्ले फार दिवस पोसावी लागत नाहीत. वसंतात, बोटाच्या दोन पेरांएवढी झाली की समुद्रात सोडून द्यायची, पुढचा खर्च समुद्राचा. तीन ते पाच वर्षांची मुदत ठेव म्हणा, फक्त शंभरातली एखाद-दुसरीच परत मिळणारी. जपानने होक्काइदो बेटावरच्या चितोसे इथे १८८८ साली असे केंद्र काढले ते याच हिशेबाने.

परत आलेल्यांत वाटेकरीही ठरलेले आहेत. या खाडीकाठच्या स्कोकोमिश लोकांनी १८५५ च्या तहात जमीन दिली, पण मासेमारीचा हक्क राखून ठेवला. तो कागदावरच राहिला. पुढे १९७४ साली न्यायमूर्ती जॉर्ज बोल्ट यांनी निकाल दिला की तहाचा अर्थ निम्मा वाटा असाच होतो. राज्यात मोठा गदारोळ झाला, १९७९ साली सर्वोच्च न्यायालयानेही तो निकाल मुख्यत्वे उचलून धरला. सव्वाशे वर्षांची थकबाकी वसूल झालेली मी फारशी पाहिलेली नाही.

जावयांनी दोन मासे आणले. चमचे मांस लाल सॅमनपेक्षा फिकट आणि कमी तेलकट. पट्टे पडलेला असेल तर बेचवच, म्हणून पोट पांढरे-चंदेरी आहे का ते बघून ठेवायचा. तिथले लोक धुरी देऊन खातात. मुलीने तिरफळ-कोकम घालून केला, बरा झाला. गाबोळी मात्र नुसती हळद-मीठ-तिखट लावून, रव्यात घोळवून तळली. तिच्याविषयी अधिक लिहीत नाही, रविवारी सकाळी वाचणाऱ्यांचा उगीच जीव जायचा.

याच खाडीत चमची आणखी एक जात-बिरादरी आहे, ती नोव्हेंबरात नव्हे तर उन्हाळा सरताना, ऑगस्ट-सप्टेंबरात ओढ्यांत येते. ओढ्यांचे आटलेले पाणी, तोडलेली झाडी आणि दुसऱ्या माशांसाठी टाकलेल्या जाळ्यांत सापडणे, या सगळ्यांत ती संपत आली. १९९० च्या सुमारास साऱ्या हूड कॅनालमध्ये हजारभरही उरली नव्हती. १९९२ पासून तिची अंडी गोळा करून जोपासायला सुरुवात झाली. १९९९ साली केंद्र सरकारने तिला संकटग्रस्त जाहीर केले. इथे हॅचरीचा उपयोग अगदी निराळा. गळवाल्यांची सोय हा हेतूच नाही. कोणत्याही ओढ्यात तीन पिढ्या, म्हणजे बारा वर्षे, यापेक्षा जास्त हा आधार द्यायचा नाही, असे आधीच ठरवलेले. मोडलेल्या हाडाला प्लास्टर घालतात, पण जन्मभर ठेवीत नाहीत. संख्या पुन्हा हजारोंवर गेली आणि बऱ्याच ओढ्यांतले प्लास्टर खरोखरच काढले गेले.

खाडीच्या उत्तरेला चिमाकम नावाच्या ओढ्यात तर उन्हाळी चम पार नाहीसा झाला होता. १९९६ पासून दुसऱ्या एका ओढ्यातल्या माशांची अंडी आणून तिथे वाढवली आणि पिल्ले सोडली. मासा ओढा ओळखतो तो वासाने, हे आर्थर हॅस्लर या अमेरिकन शास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले होते. आणि तो वास रक्तातून येत नाही, लहानपणी ज्या पाण्यात वाढावे त्याचा लागतो. १९९९ साली पहिले मासे समुद्रातून परतले. आईबापांच्या ओढ्यात न जाता ते चिमाकममध्ये शिरले.