अपॉइंटमेंट कुणाची?

लेखमाला : घरोघरी (भाग ११)

‘‘पेशंटचं नाव?’’ रिसेप्शनवरच्या मुलीने विचारलं आणि मी बिनदिक्कत मुलाचं नाव सांगितलं. वय? तेरा. तक्रार? तिथे पेन अडलं. तक्रारी तर पानभर होत्या. मोबाइल सोडत नाही, उलट बोलतो, अभ्यासाला बस म्हटलं की दार आपटतो. शेवटी फॉर्मवर ‘वागणूक’ एवढंच लिहिलं.

थोड्या वेळाने समुपदेशक मॅडम स्वतः बाहेर आल्या. मुलाशी दोन शब्द बोलल्या आणि त्याला म्हणाल्या, ‘‘तू इथे बस. आधी मला तुझ्या आईबाबांशी बोलायचंय.’’ मी नवऱ्याकडे पाहिलं. गाडी गॅरेजमध्ये सोडून समोरच्या टपरीवर चहा प्यायला जावं, तशा तयारीने आम्ही आलो होतो. मुलगा सोपवायचा आणि दुरुस्त झाला की घेऊन जायचा.

गेल्या तीन भागांत आपण मुलांचा राग, झोप आणि स्क्रीन यांच्यामागचं मानसशास्त्र पाहिलं. त्यावर वाचकांचा एक प्रश्न पुन्हा पुन्हा आला : ‘वाचायला सगळं पटतं, पण आमच्या घरात बसवून कोण देणार?’ त्यासाठी आजचा भाग. मदत मागायची तर कुणाकडे, तो माणूस कसा पारखायचा आणि आत गेल्यावर नेमकं होतं काय?

तीन रकान्यांची वही

आमच्या पहिल्या भेटीत उपदेश शून्य. मिळाली ती एक कामगिरी. साधी शंभरपानी वही घ्यायची, तीन रकाने आखायचे : आधी काय झालं, काय घडलं, त्यानंतर काय झालं. आठ दिवस फक्त नोंदी. त्या वहीतली एक नोंद जशीच्या तशी देते.

मंगळवार, संध्याकाळी ७.१०. आधी : ‘गेम बंद कर, जेवायला चल’ (स्वयंपाकघरातून, तिसऱ्यांदा). काय घडलं : ‘पाच मिनिटं म्हटलं ना!’ असं ओरडून उशी फेकली. त्यानंतर : मी ओरडले. बाबा म्हणाले, ‘जाऊ दे, खेळू दे पाच मिनिटं.’ जेवायला ७.५० ला आला.

मॅडमनी पेन्सिलीने तिसऱ्या रकान्याभोवती गोल केला. ‘‘उशी फेकल्यावर त्याला काय मिळालं?’’

‘‘पाच मिनिटं,’’ मी म्हणाले. ‘‘म्हणजे चाळीस.’’

‘‘आणि तुम्हाला?’’

नवरा हळूच म्हणाला, ‘‘शांतता.’’

ही जी देवघेव झाली, तिचा पद्धतशीर अभ्यास जेराल्ड पॅटर्सन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने ओरेगॉनमध्ये केला. त्याचे निरीक्षक घराघरांत जाऊन बसत आणि कोण काय बोललं, त्यावर दुसऱ्याने काय केलं, याची बारीक नोंद ठेवत. १९८२ साली त्याचं या विषयावरचं पुस्तक आलं. त्याच्या मांडणीचं सार असं : मूल आवाज चढवतं, मोठा माणूस माघार घेतो, कटकट थांबते. मूल शिकतं, की ओरडलं की मिळतं. मोठा माणूस शिकतो, की सोडून दिलं की सुटका होते. दुसऱ्या दिवशी उलटंही होतं. आई सगळ्यात मोठ्याने ओरडते, मूल दचकून ऐकतं, आणि आई शिकते की इतकं ओरडल्याशिवाय हे ऐकत नाही. दोघंही एकमेकांना ओरडायची शिकवणी देत राहतात, आणि त्यात कुणीच मुद्दाम वाईट वागत नसतं.

म्हणून अपॉइंटमेंट मुलाच्या नावावर असली, तरी पहिलं काम पालकांशी असतं. या देवघेवीत ठरवून आपली चाल बदलणं मोठ्या माणसालाच शक्य असतं. वयाच्या तीन ते बाराच्या आसपास तर अनेकदा निम्म्याहून जास्त सेशन्स एकट्या पालकांची होतात. शीला आयबर्ग या मानसशास्त्रज्ञ बाईंनी सत्तरच्या दशकात लहान मुलांसाठी एक पद्धत घडवली. त्यात आई किंवा बाबा मुलाशी खेळत बसतात, तज्ज्ञ काचेपलीकडून बघतात आणि पालकाच्या कानातल्या छोट्या यंत्रातून त्याला हळूच सुचवत राहतात : ‘आता प्रश्न विचारू नका’, ‘ठोकळे नीट रचलेत, ते बोलून दाखवा.’ इथे शिकवणी चालते ती पालकाची.

आम्हाला काचबिच नव्हती, पण गृहपाठ त्याच जातीचा होता. सूचना एकदाच द्यायची, तीही जवळ जाऊन, दहा मिनिटं आधी कल्पना देऊन. रोज दहा मिनिटं त्याच्या आवडीचं काहीतरी त्याच्यासोबत करायचं. त्या वेळात उपदेश, प्रश्न, चुका काढणं बंद. आणि उशी उडाली तरी पाच मिनिटं मिळणार नाहीत. शेवटची सूचना देताना मॅडमनी बजावलं, ‘‘पहिला आठवडा जास्त वाईट जाईल.’’ तसाच गेला. रिमोट चालेनासा झाला की आपण आधी बटण जोरात दाबतो, तळहातावर आपटतो, मगच नाद सोडतो. मुलंही तेच करतात. बरेच पालक नेमके याच आठवड्यात ‘काही उपयोग नाही’ म्हणून जायचं थांबवतात.

‘आमच्या वेळी नव्हतं हे’

घरी कळल्यावर सासूबाई म्हणाल्या, ‘‘आमच्या वेळी नव्हतं हो हे समुपदेशन-बिमुपदेशन. पाच जणं वाढवली आम्ही.’’ खरंय. पण त्यांच्या वेळी वाड्यात आत्या होत्या, शेजारच्या काकू होत्या, रागाने घराबाहेर पडलेल्या मुलाला भूक लागली की पोळी देणारं दुसरं दार होतं. आईच्या हातून मूल अर्धा तास तरी सुटत होतं. टू बीएचकेमध्ये ते दुसरं दार नाही.

शिवाय ‘आमच्या वेळी’चा हिशेबही थोडा तपासावा लागतो. पहिल्या महायुद्धानंतर व्हिएन्नात आल्फ्रेड अॅडलर यांनी शाळांना जोडून बालमार्गदर्शन केंद्रं काढली. तिथे मुलांबरोबर पालक आणि शिक्षकही बसत. आपल्याकडे मुंबईत आज टाटा समाजविज्ञान संस्था म्हणून ओळखल्या जाणाऱ्या संस्थेने १९३७ साली बालमार्गदर्शन केंद्र सुरू केलं. देशातलं हे पहिलं मानलं जातं. सासूबाईंचा जन्म १९४८ चा. त्यांना हे सांगितल्यावर त्या म्हणाल्या, ‘‘असेल मुंबईला.’’ त्यातही तथ्य आहे. सोय असणं आणि आपल्या दारापर्यंत पोहोचणं यांत मोठं अंतर असतं.

पाटी वाचताना

‘सायकॉलॉजिस्ट’, ‘सायकियाट्रिस्ट’, ‘काउन्सेलर’ हे शब्द बोलण्यात सरमिसळ होतात. निवड करताना ते वेगळे ठेवा.

मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे एमबीबीएसनंतर मानसोपचारातलं पदव्युत्तर शिक्षण घेतलेले डॉक्टर. औषध लिहून देण्याचं काम यांचं. मूल जीव द्यायची भाषा करतंय, खाणं-झोप सुटलीय, स्वतःला इजा करतंय, अशा वेळी थेट इथेच जायचं.

क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट बुद्धिमत्ता, अध्ययन अक्षमता वगैरेंच्या चाचण्या घेतात आणि थेरपी देतात. १९९२ च्या कायद्यानुसार त्यांची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असावी लागते. नोंदणी क्रमांक विचारण्यात संकोच नको. खऱ्या माणसाला त्याचा राग येत नाही.

समुपदेशक साधारणपणे मानसशास्त्र, समुपदेशन किंवा समाजकार्य यातले पदव्युत्तर असतात. पालकत्वाच्या रोजच्या अडचणींसाठी बहुतेकांना यांचीच गरज असते. पण अडचण अशी, की चार दिवसांचा ऑनलाइन कोर्स केलेलेही हीच पाटी लावतात. २०२१ च्या केंद्रीय कायद्याने या क्षेत्रालाही नोंदणीच्या चौकटीत घेतलंय, तरी आज नुसती पाटी वाचून खात्री पटवून घेता येत नाही. म्हणून फोनवरच विचारा : शिक्षण काय, मुलांसोबत किती वर्षांचं काम, पालकांसोबत वेगळी सेशन्स होतात का, शुल्क किती, मधेच गरज पडली तर काय.

आणखी एक. दोन-अडीच वर्षांचं मूल बोलत नसेल, हाक मारल्यावर बघत नसेल, तर ‘लाडावलंय’ म्हणून समुपदेशकाकडे जाण्यात महिने घालवू नका. आधी कान तपासा, बालरोगतज्ज्ञांकडून विकासाची तपासणी करून घ्या. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात यासाठी जिल्हा पातळीवर शीघ्र हस्तक्षेप केंद्रं आहेत. मुंबईत ‘उम्मीद’ ही संस्था २००१ पासून याच क्षेत्रात काम करते.

काही ठिकाणांहून मात्र चप्पल घालून तसंच परत फिरावं. बोटांचे ठसे घेऊन मुलाची बुद्धी आणि करिअर सांगणारे, डोळ्यांवर पट्टी बांधून वाचायला लावत ‘मिड-ब्रेन’ जागृत करणारे, ‘दहा सेशन्समध्ये मूल बदलून देतो’ अशी हमी देणारे. ठशांच्या चाचणीला शास्त्रीय आधार नाही. आमचीही पहिली ठेच होतीच. मॅडमच्या आधी एका ठिकाणी गेलो होतो, तिथे चाळीस मिनिटं मुलाला ‘आईवडिलांचे उपकार’ या विषयावर प्रवचन मिळालं. बाहेर आल्यावर तो म्हणाला, ‘‘हे तर तुम्ही घरी फुकट देता.’’ एकाकडे जमलं नाही म्हणजे समुपदेशनच खोटं, असं नाही. शिंपी बदलतो तसा समुपदेशकही बदलता येतो.

पैसे, अंतर, गुपित

खासगी सेशनचं शुल्क सगळ्यांना झेपत नाही आणि तालुक्याच्या गावी माणूसच मिळत नाही. अशा वेळी पहिला दरवाजा फोनचा. ‘टेली-मानस’ ही केंद्र सरकारची सेवा १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झाली. क्रमांक १४४१६, चोवीस तास, मोफत, मराठीतही. पालक स्वतःसाठी फोन करू शकतात, मूल सोबत असण्याची अट नाही. मूल धोक्यात असेल, मारहाण किंवा अत्याचाराचा संशय असेल, तर १०९८.

दुसरा दरवाजा सिव्हिल हॉस्पिटलचा. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमामुळे तिथे मानसोपचाराची ओपीडी असते, आणि राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार मोफत आहेत. ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी इथल्या प्रादेशिक मनोरुग्णालयांतही बाह्यरुग्ण विभाग चालतो. नाव ऐकून बिचकू नका, ओपीडीत दाखवणं म्हणजे दाखल होणं नव्हे. किशोरवयीनांसाठी सरकारी रुग्णालयांत ‘मैत्री’ क्लिनिकं आहेत. स्वयंसेवी संस्थांमध्ये डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० साली ठाण्यात सुरू केलेली आयपीएच ही मराठी पालकांना सर्वांत परिचित.

राहिला गुपिताचा प्रश्न. मुलाची दोन सेशन्स एकट्याची झाली. बाहेर पडल्यावर मी विचारलं, ‘‘काय म्हणाला?’’ मॅडम म्हणाल्या, ‘‘त्याच्या किंवा दुसऱ्या कुणाच्या जिवाला धोका वाटला, तर त्याच दिवशी तुम्हाला फोन करीन. बाकीचं त्याचं.’’ मला तेव्हा राग आला. फी मी भरते आणि मलाच सांगायचं नाही! २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने गोपनीयता हा हक्कच ठरवला आहे. त्याला काही अपवाद आहेत. लैंगिक अत्याचाराची माहिती मिळाली, तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे ती पोलिसांना कळवणं बंधनकारक असतं. पण गणिताच्या सरांवरचा राग किंवा वर्गातली आवडणारी मुलगी आईपर्यंत पोहोचणार नाही, ही खात्री असते म्हणूनच मूल तोंड उघडतं.

सहा सेशन्स झाली. दार अजून आपटतं, पूर्वी रोज, आता आठवड्यातून एखादवेळा. वही चालूच होती. मागच्या रविवारी ती उघडली, तर माझ्या नोंदींखाली वेगळ्या अक्षरात एक नोंद होती. रकाने तेच, पेन जेलचं.

शनिवार, रात्री. आधी : मी मॅचचं सांगत होतो. काय घडलं : आई फोनमध्ये बघत ‘हं, हं’ म्हणाली. त्यानंतर : मी सांगायचं सोडून दिलं.

वही मी पुढच्या सेशनला घेऊन जाणार आहे.

(पुढील भागात : पालकांचे आपसांतले मतभेद आणि मुलांनी शोधलेल्या त्यातल्या फटी.)