जबलपूरने खांद्यावर घेतलेला नेता

जबलपूर शहरातून रांझीकडे जाऊ लागले की गोकलपूरला इंजिनिअरिंग कॉलेजचे मोठे आवार लागते. माझ्या मामांचे सारे तरुणपण याच रस्त्यावर सायकल मारण्यात गेले. आजोबा खमरियाच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत होते. केंद्र सरकारची नोकरी, फॅक्टरीचे क्वार्टर, पाच माणसांचा संसार. घरात राजकारणाचे नाव काढायचे नाही, असा दंडक होता. १९७४ साली एकोणीस वर्षांच्या मामांनी तो मोडला.

त्या वर्षी जूनमध्ये सेठ गोविंददास वारले. हिंदीचे कैवारी आणि नाटककार असलेले सेठजी १९५२ पासून सतत लोकसभेत होते. जबलपूर म्हणजे सेठजी, हे समीकरण लोकांच्या अंगवळणी पडले होते. त्यांच्या जागेसाठी पोटनिवडणूक लागली आणि जयप्रकाश नारायण यांच्या पुढाकाराने विरोधकांनी मिळून एकच ‘जनता उमेदवार’ दिला. हा उमेदवार होता सत्तावीस वर्षांचा शरद यादव. होशंगाबाद जिल्ह्यातल्या बाबईकडचा शेतकऱ्याचा मुलगा, याच गोकलपूरच्या कॉलेजचा इंजिनिअर, विद्यापीठाच्या विद्यार्थी संघाचा अध्यक्ष. आणि त्या वेळी तुरुंगात!

उमेदवार गजाआड, मग प्रचार कोणी करायचा? तो पोरांनी केला. कॉलेज सुटले की सायकली निघत, चुन्याच्या बादल्या निघत, भिंती रंगत. गंमत अशी की यातल्या कितीतरी मुलांना मतच नव्हते. मतदानाचे वय तेव्हा एकवीस होते. मग ही मुले काय करणार? ती घरोघरच्या आयांच्या मागे लागली. आमच्या आजीने आजवर सेठजींशिवाय कोणाला मत दिले नव्हते. मामा आठ दिवस तिच्याभोवती घुटमळत होते. शेवटी ती म्हणाली, “बरं बाबा, देते. पण तुझ्या बाबांना कळता कामा नये.”

शरद यादव निवडून आले. मामांना कोणीतरी खांद्यावर उचलले आणि गुलालाने माखलेला शर्ट त्यांनी आजोबांच्या नजरेस पडू नये म्हणून शेजाऱ्यांच्या न्हाणीघरात धुतला.

पुढच्याच जूनमध्ये आणीबाणी आली. यादव पुन्हा तुरुंगात गेले. १९७६ साली सरकारने लोकसभेची पाच वर्षांची मुदत वाढवून घेतली, तेव्हा दोन खासदारांनी त्याच्या निषेधार्थ राजीनामे दिले. एक आपले पुण्याचे मधू लिमये आणि दुसरे शरद यादव. लोकांनी दिलेली मुदत संपली, आता ही खुर्ची आपली नाही, असा त्यामागचा सरळ हिशेब. अशी उदाहरणे आपल्याकडे फार नाहीत. मामांच्या मनात यादवांची जागा सर्वांत उंच होती ती या दिवसांत, निवडणूक जिंकली तेव्हासुद्धा नव्हे.

१९७७ च्या मार्चमध्ये मामांनी आयुष्यातले पहिले मत दिले, ते अर्थातच यादवांना. त्या लाटेत मध्य प्रदेशातल्या चाळीस जागांपैकी काँग्रेसच्या हाती एकटे छिंदवाडा लागले. रांझीतल्या पोरांना वाटले, आपणच दिल्ली जिंकली.

आणि मग...

मग अडीच वर्षांत सगळे फाटले. जनता पक्षात भांडणे सुरू झाली, जुलै १९७९ मध्ये मोरारजींचे सरकार पडले. चरणसिंग पंतप्रधान झाले आणि लोकसभेला तोंड न देताच महिन्याच्या आत राजीनामा देऊन मोकळे झाले. या फाटाफुटीत यादव चरणसिंगांच्या बाजूला होते. त्यांची बाजू त्यांना पटलेली असेल. पण ज्या मुलांनी ‘सगळे मिळून एकच उमेदवार’ म्हणून भिंती रंगवल्या होत्या, त्यांनी आता कोणती भिंत रंगवायची?

मला वाटायचे, मामांना राग आला असेल. मी विचारलेही. तसे काही नव्हते. “राग येण्याइतकंही काही उरलं नव्हतं,” ते म्हणाले. त्यांना नोकरी लागली होती, लग्न झाले होते. जानेवारी १९८० मध्ये मतदानाची सुट्टी होती. मामींनी डब्यात घालून ठेवलेले तिळाचे लाडू खात ते दिवसभर घरी बसले. मतदान केंद्र तीन मिनिटांच्या अंतरावर होते. जबलपूरची जागा काँग्रेसचे मुंदर शर्मा जिंकले. पुढाऱ्यांना शिव्यांची धास्ती असते. पण खरे पाहता शिव्या देणारा अजून हिशेबात असतो. लाडू खात घरी बसलेला तरुण कोणालाच दिसत नाही.

यादवांनी १९८१ मध्ये अमेठीला राजीव गांधींविरुद्ध लढून पाहिले, हरले. नंतर ते उत्तर प्रदेशात आणि बिहारमध्ये गेले. जबलपूरने त्यांना लोकसभेत पुन्हा कधी पाठवले नाही. इथे १९८२ च्या पोटनिवडणुकीत भाजपचे बाबूराव परांजपे निवडून आले आणि पुढे आणखी तीनदा. मराठी घरांना त्याचे कौतुक वाटणारच, पण मराठी मतांवर जबलपूर जिंकता येत नाही, हेही तितकेच खरे.

१९८९ मध्ये राजीव गांधींच्या सरकारने मतदानाचे वय अठरावर आणले आणि त्याच वर्षी चारशेवरून १९७ जागांवर त्यांचा पक्ष घसरला. तरुणांचे नवे दैवत विश्वनाथ प्रताप सिंग. तेही वर्षभर टिकले नाही. ऑगस्ट १९९० मध्ये मंडल आयोगाच्या शिफारशींनुसार सत्तावीस टक्के आरक्षण जाहीर झाले आणि उत्तरेतले विद्यार्थी रस्त्यावर उतरले. त्या मंत्रिमंडळात मंडलसाठी सर्वांत आग्रही असलेल्यांत कोण होते? शरद यादव. विद्यार्थ्यांनी संसदेत पाठवलेल्या माणसाच्या सरकारविरुद्ध विद्यार्थीच घोषणा देत होते. पण ‘तरुण’ म्हणजे सगळे एकाच घरचे असतात का? ज्यांच्या घरात पहिल्यांदा सरकारी नोकरीची आशा डोकावली, त्यांना हाच माणूस नव्याने आपला वाटला. बिहारच्या मधेपुऱ्याने त्यांना चार वेळा लोकसभेत पाठवले. मामा मात्र पेपर बाजूला ठेवून एवढेच म्हणाले होते, “आमचा शरद वेगळा होता.”

१२ जानेवारी २०२३ ला शरद यादव गेले. अंत्यसंस्कार बाबईजवळच्या त्यांच्या आंखमऊ गावी झाले. मामा टीव्हीसमोर बसून होते. त्यांची नात शेजारी येऊन बसली. त्याच वर्षी नोव्हेंबरात विधानसभेला तिचे पहिले मत होते. कोण हे, तिने विचारले आणि मामांनी सगळी गोष्ट सांगितली, सायकली, चुना, गुलाल.

“पण आजोबा, तुम्हाला तर मतच नव्हतं,” ती म्हणाली. “मग तुम्ही एवढे फिरत कशाला होता?”

मामांनी टीव्हीचा आवाज थोडा कमी केला.

“तुझ्या पणजीला होतं ना,” ते म्हणाले.