वाडीतील सुक्या कचऱ्यापासून इंधन वायू

वसई-विरारच्या वाड्यांत नारळाच्या झावळ्या, करवंट्या व केळीचे खुंट वर्षभर निघतात. यांतील सुका भाग नुसता जाळून टाकल्यास त्यातील उष्णता वाया जाते. गॅसिफायर या संयंत्रात त्यापासून इंधन वायू मिळविता येतो. मात्र प्रत्येक कचरा त्यासाठी योग्य नसतो.

वायू कसा तयार होतो?
गॅसिफायर ही बंदिस्त भट्टी असते. पूर्ण ज्वलनास लागणाऱ्या हवेच्या सुमारे पाव ते एक-तृतीयांश हवाच तीत सोडतात. थोडे इंधन जळून त्या उष्णतेने उरलेल्याचा कोळसा होतो. या तप्त कोळशावरून जाताना कार्बन डायऑक्साइड व वाफ यांपासून कार्बन मोनॉक्साइड व हायड्रोजन हे ज्वलनशील वायू बनतात. १ किलो सुक्या लाकडापासून सुमारे २.५ घनमीटर वायू मिळतो. त्यात जवळजवळ निम्मा नायट्रोजन असल्याने तो साठविण्यापेक्षा जागेवरच वापरणे योग्य.

फलटणचा प्रयोग
सातारा जिल्ह्यातील फलटण येथील निंबकर कृषी संशोधन संस्थेने १९९० च्या दशकात उसाचे पाचट व चिपाडे यांवर चालणारा गॅसिफायर विकसित केला. त्याची उष्णता औद्योगिक भट्टीसाठी वापरून पाहण्यात आली. इंधनाच्या वजनाच्या सुमारे २४ टक्के कोळसाही उरला. शेतात पेटवून दिले जाणारे पाचट असे उपयोगी पडले.

कोणता कचरा वापरावा?
ओलावा २० टक्क्यांपेक्षा कमी असावा. करवंट्या उत्तम. झावळ्या वाळवून बारीक तुकडे करावेत व पावसाळ्यापूर्वी छपराखाली साठवाव्यात. केळीच्या खुंटात ९० टक्क्यांच्या आसपास पाणी असते; त्याचे कंपोस्टच करावे. भाताच्या पेंढ्यात सिलिका जास्त असल्याने राखेचे खडे होऊन भट्टी तुंबते. पेंढा जनावरांसाठीच ठेवावा.

दक्षता
कार्बन मोनॉक्साइड विषारी असून त्याला रंग वा वास नसतो. म्हणून संयंत्र उघड्या, हवेशीर जागीच बसवावे. इंजिनासाठी वायूतील डांबर व धूळ काढावीच लागते. भट्टीसाठी एवढी शुद्धता लागत नाही.

एकट्या लहान वाडीने खर्चाची घाई करू नये. रोज उष्णता लागणारा प्रक्रिया उद्योग अनेक बागायतदारांनी मिळून चालविल्यास विचार करावा. साधारण १ लिटर डिझेलऐवजी ३ ते ४ किलो सुका कचरा लागतो. तेव्हा प्रथम महिनाभर आपला सुका कचरा वजन करून नोंदवावा आणि मगच निर्णय घ्यावा.