दस्ता एका इंचाने वाढवताना

आखूड बाह्यांचा सदरा घालून वावरता येते. आखूड दस्त्याची बंदूक खांद्याला लावून नेम धरणे मात्र कठीण. मान आखडते, आणि मोठ्या बोअरच्या बंदुकीचा धक्का बसला की मुठीवरचा अंगठा नाकावर आदळतो. वडिलांची बंदूक उंच मुलाकडे आली, की हा अनुभव हमखास येतो.

चापापासून दस्त्याच्या मागच्या टोकापर्यंतच्या अंतराला 'लेंग्थ ऑफ पुल' म्हणतात. कारखान्यातून येणाऱ्या बऱ्याच बंदुकांत ते सुमारे १४ इंच असते. कोपर काटकोनात वाकवून दस्ता त्याच्या खोबणीत टेकवायचा आणि बोट चापाला पोहोचते का पाहायचे, ही जुनी पद्धत ढोबळच. मानेची लांबी तिच्या हिशेबात नाही. त्यापेक्षा रिकामी बंदूक नेहमीच्या कपड्यांत खांद्याला लावून नाक आणि अंगठा यांत दोन बोटांचे अंतर राहते का, हे पाहावे. दस्त्यामागे पुठ्ठ्याचे थर चिकटवून आधी अंदाज घेतला, तर लाकूड वाया जात नाही.

ब्रिटिशांच्या ली-एनफिल्ड रायफलीचा मागचा दस्ता स्वतंत्र असल्याने तो अर्ध्या-अर्ध्या इंचाच्या फरकाने वेगवेगळ्या मापांत मिळे; सर्वांत आखूड तो 'बँटम'. आजच्या स्पर्धेच्या रायफलींत स्क्रू फिरवून लांबी बदलता येते. जुन्या अखंड लाकडी दस्त्याला मात्र मागे तुकडा जोडणे, म्हणजेच 'स्पेसर' बसवणे, हाच सोपा मार्ग.

काम सुताराचे वाटते. परंतु १९५९च्या शस्त्र कायद्यानुसार बंदुकीच्या दुरुस्तीलाही परवाना लागतो. तेव्हा ते परवानाधारक कारागिराकडेच सोपवावे.

बट-प्लेट काढून टोकाचा आकार कागदावर उतरवला, की खरी मेख कळते. दस्ता मागे रुंदावत जातो. म्हणून तुकडा टोकाएवढा कापून चालत नाही. तो मोठाच कापावा लागतो, स्क्रूंनी जागेवर बसवून वरच्या-खालच्या रेषा पुढे वाढवत कानशीने उतरवावा लागतो. शेजारच्या लाकडावर चिकटपट्टी हवीच, नाहीतर जुने पॉलिश खरवडले जाते. तुकडा वाढला, की जुनी बट-प्लेट कडेने अपुरी पडते. मोठे रबरी पॅड आणून घासून घेणे बरे.

लाकूड कोणते? दस्ता अक्रोडाचा, तर तुकडाही अक्रोडाचा हवासा वाटतो. पण जोड दिसू नये म्हणून रेषा दस्त्याच्याच दिशेने ठेवल्या, तर पातळ तुकडा सहज चिरतो. रेषा आडव्या घेतल्या, तर तो मजबूत होतो, मात्र रंग जुळला तरी जोड लपत नाही. माझ्या मते लपवू नये. शिसवीचा काळसर पट्टा सरळ उठून दिसू द्यावा. दोन्ही बाजू समांतर असाव्यात, अन्यथा दस्त्याचा खांद्याशी होणारा कोन बदलतो.

स्क्रू जुन्यापेक्षा तुकड्याच्या जाडीएवढे अधिक लांब घ्यावेत, भोके जुनीच वापरावीत. सरस किंवा इपॉक्सी मात्र नको. केवळ स्क्रूंवर बसवलेला तुकडा पुढे कमी उंचीच्या नातीला काढून ठेवता येतो आणि मूळ दस्ता अबाधित राहतो. उघड्या लाकडावर जवसाच्या तेलाचे पातळ हात द्यावेत; एक वाळल्यावरच दुसरा.

यानंतर तोल किंचित मागे सरकतो. रायफलीवर दुर्बीण असेल, तर डोळाही मागे गेलेला असतो. त्या मानाने तीही मागे घ्यावी लागते आणि नेम पुन्हा तपासावा लागतो.