जुनी जाहिरात नव्यानं काढणं, हाही अभ्यासच!

भाजी किंवा वह्या-पुस्तकं घ्यायला आपण औरंगपुऱ्यात येतो, तेव्हा खांबांवर आणि दुकानांच्या काचांवर केवढ्या जाहिराती दिसतात! घरी पोहोचेपर्यंत त्यातली एखादीच लक्षात राहते. ती का राहते, हे शिकवणारं एक शिक्षण आहे. आज त्याबद्दल बोलायचं कारण म्हणजे गटाच्या बैठकीत आया आम्हाला विचारतात, "पोरगी तासन्‌तास मोबाईलवर चित्रं काढते. जुनीच जाहिरात पुन्हा काढते आणि कॉलेजचा अभ्यास आहे म्हणते. हा कसला अभ्यास?"

या अभ्यासाचं नाव उपयोजित कला. बारावीनंतर राज्याची सीईटी देऊन चार वर्षांच्या बीएफए पदवीला प्रवेश मिळतो. त्यासाठी मुंबईलाच जायला हवं असं नाही. आपल्याच शहरात, किलेअर्क भागात, शासकीय कला महाविद्यालय आहे.

जुनं पोस्टर नव्यानं करायचं म्हणजे नेमकं काय, ते आपल्याच उदाहरणानं पाहू. समजा, गटाचा फलक आहे. वर पाहुण्यांचे फोटो, मग गटाचं लांबलचक नाव, नोंदणी क्रमांक, चार रंगांत 'शुद्ध, घरगुती, सात्त्विक'. हळद आणि पापड विकायचे आहेत, ते शब्द मात्र कोपऱ्यात बारीक. विद्यार्थिनी आधी तीन प्रश्न विचारते : हे कोण वाचणार? किती लांबून वाचणार? वाचून त्यांनी काय करायचं? उत्तर मिळालं की निम्मा मजकूर आपोआप गळतो. रंगरंगोटी नंतरची. आधी काय ठेवायचं आणि काय काढायचं, हे ठरवणंच खरं काम.

मग ती कागदावर पेन्सिलीनं आठ-दहा छोटे कच्चे आराखडे काढते. त्यातला एक निवडून संगणकावर किंवा मोबाईलवर घेते. तिथं चित्र थराथरानं बनतं. पारदर्शक कागद एकावर एक ठेवावेत तसं. हळकुंडं एका थरावर, मागचा रंग दुसऱ्यावर, अक्षरं तिसऱ्यावर. एक थर बदलला तरी बाकीचे तसेच राहतात. क्रिटा आणि इंकस्केप ही त्यासाठीची सॉफ्टवेअर फुकट मिळतात.

मराठी अक्षरांचं तंत्र वेगळं. वर वेलांटी-मात्रा, खाली उकार, म्हणून दोन ओळींत जागा जास्त लागते. संगणकावर वर्षानुवर्षं दिसणारा 'मंगल' हा फॉन्ट र. कृ. जोशी या मराठी अक्षरकारानं घडवला. मुंबईच्या 'एक टाइप'चे 'मुक्ता' आणि 'बलू' हे फॉन्ट कुणालाही मोफत वापरता येतात.

शेवटी छपाई. पडद्यावरचा रंग प्रकाशाचा आणि कागदावरचा शाईचा, म्हणून पडद्यावरचा झगझगीत हिरवा छापल्यावर मंद दिसतो. हातात धरून वाचायच्या पत्रकाला एका इंचात साधारण ३०० ठिपके हवेत. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवलेलं चित्र आकसतं आणि छापताना धूसर येतं. छापखान्याला ते 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा.

ही कला आपल्याकडे जुनी आहे. कोल्हापूरचे बाबूराव पेंटर हे मुळात चित्रकार. सिनेमा काढू लागल्यावर त्याची पोस्टरंही ते रंगवत. १९२४ च्या त्यांच्या 'कल्याण खजिना'चं पोस्टर आपल्या देशातल्या जुन्यात जुन्या उपलब्ध सिनेपोस्टरांत गणलं जातं. आजची मुलं सरावासाठी जुन्या सिनेमांची पोस्टरं नव्यानं करतात. सराव म्हणून ते ठीक, पण मूळ कुणाचं ते खाली लिहावं आणि परवानगीशिवाय ते विकू नये. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानं चित्राचा हक्क चित्रकाराच्या हयातीत आणि त्यानंतर ६० वर्षं राहतो.

आता आपल्या बाजूचं. "तू तर घरचीच, पटकन एक पोस्टर करून दे," असं आपण सहज म्हणून जातो. आपले पापड कुणी फुकट मागितले तर चालेल का आपल्याला? पीठ आपलं, तशी तिची नजर आणि तिचे तास. म्हणून काम सांगतानाच पैसे ठरवा. दुरुस्त्या किती वेळा, तेही ठरवा. मजकूर आधी लिहून द्या. रक्कम लहान असली तरी गटाच्या हिशेबाच्या वहीत तिच्या नावानं लिहा. मुलीच्या हातात स्वतःच्या चित्राचा पहिला मोबदला पडला, की "यात पोट भरेल का?" या घरच्या प्रश्नाला थोडं तरी उत्तर मिळतं.

आणि पोस्टर आलं की भिंतीला लावून दहा पावलं मागं या. काय विकायचंय ते तिथून वाचता आलं, तर पोस्टर जमलं. नाही आलं, तर अजून काहीतरी काढून टाकायचं राहिलंय.