परसांतला आलुबुखार : जात निवडतांना

परदेशीं घर केलेल्या एखाद्या मराठी कुटुंबाचें चित्र डोळ्यांपुढें आणावें. कॅलिफोर्नियांतील एका गांवीं घराच्या मागें थोडीशी मोकळी जागा आहे. आंबा-फणसाची हौस तेथील हिंवाळा पुरी होऊं देत नाहीं, म्हणून घरधन्यानें आलुबुखाराचें, म्हणजे तिकडे ज्यास प्लम म्हणतात त्या फळाचें, एक कलम आणून लावलें. जात सत्सुमा; आंतून रक्तासारखें लाल, गोड आणि मुरंब्यास उत्तम असें हें फळ. चौथ्या वर्षीं झाड पांढऱ्या फुलांनीं इतकें बहरलें कीं फांदी दिसेना. महिन्यानें पाहावें तों फुलें गळून गेलेलीं आणि फळाचा पत्ता नाहीं. पुढील वर्षींहि तेंच. "एकट्या झाडास फळ धरत नसेल," असें कोणीं तरी सुचविलें. तेव्हां त्याच दुकानांतून त्याच जातीचें दुसरें कलम आणून शेजारीं लावण्यांत आलें. आणखी चार वर्षें गेलीं. आतां दोन झाडें फुलूं लागलीं आणि दोन्ही वांझ राहिलीं! खत बदललें, पाणी वाढविलें, छाटणी करून पाहिली. आठ-नऊ वर्षें अशीं गेलीं. चूक खतांत नव्हती कीं पाण्यांत नव्हती. ती जात निवडतांनाच झाली होती.

सुचविणाऱ्याचें म्हणणें अर्धें बरोबर होतें. उरलेलें अर्धें समजण्यास कलम म्हणजे काय तें आठविलें पाहिजे. कोय पेरून आलेलें झाड आईबापांसारखें निपजेलच असा भरंवसा नसतो, म्हणून आपल्याकडे हापूसचें कलम बांधतात. आलुबुखाराचेंहि तसेंच. सत्सुमाचीं जगांत जेवढीं झाडें आहेत तेवढीं सारीं एकाच मूळ झाडाच्या फांद्या होत. तीं हजार ठिकाणीं उभीं असलीं तरी देहानें एकच आहेत. त्यामुळें एका सत्सुमाशेजारीं दुसरा सत्सुमा लावणें म्हणजे एकाच झाडाची फांदी थोडी दूर नेऊन लावणें होय.

आणि आलुबुखाराच्या बहुतेक जाती स्वतःचा पराग स्वीकारीत नाहींत. मधमाशी पराग आणून फुलाच्या स्त्रीकेसरावर टाकते. तो तेथें रुजतो व त्यांतून एक बारीक नळी बीजकोशाकडे उतरूं लागते. पराग त्याच जातीचा असेल तर स्त्रीकेसराच्या आंतील विशिष्ट द्रव्यें त्यास ओळखतात आणि ती नळी वाटेंतच खुंटते. परक्या जातीचा पराग असेल तर ती निर्वेधपणें खालीं पोंचते. सगोत्र विवाहाचा निषेध आपल्या पूर्वजांनीं ग्रंथांत लिहून ठेवला. या झाडानें तो आपल्या फुलांतच लिहून ठेवला आहे, आणि त्याला प्रायश्चित्ताची सोय नाहीं.

मग शेजारीं कोणतीहि दुसरी जात चालेल काय? येथें दुसरा खड्डा आहे. बाजारांत प्लम या एकाच नांवाखालीं मुख्यतः दोन निराळीं कुळें विकलीं जातात. एक युरोपीय, इंग्लंडांतील व्हिक्टोरिया, हिरवट रंगाचा मधुर ग्रीनगेज, आणि वाळवून ठेवण्याजोगे प्रून हे त्यांतले. दुसरें जपानी म्हणून ओळखलें जाणारें, जें मूळचें चीनचें. सत्सुमा व सांता रोझा हे त्यांतले. पहिल्याच्या पेशींत ४८ गुणसूत्रें, तर दुसऱ्याच्या पेशींत १६. शिवाय जपानी जाती आधीं फुलतात, युरोपीय मागाहून. म्हणून सत्सुमाशेजारीं व्हिक्टोरिया लावला तर दोघेहि परस्परांस निरुपयोगी. जोडीदार त्याच कुळांतला, पण निराळ्या जातीचा, आणि त्याच सुमारास फुलणारा हवा.

सत्सुमाचा जोडीदार म्हणून सांता रोझा चांगला समजला जातो, आणि त्याची हकीकत सांगण्यासारखी आहे. ल्यूथर बरबँक हा अमेरिकन माळी १८७५ सालीं कॅलिफोर्नियांतील सांता रोझा गांवीं येऊन राहिला. १८८५ सालीं त्यानें जपानहून आलुबुखाराचीं रोपें मागविलीं. सत्सुमा अमेरिकेंत पसरला तो त्याच्याच हातून. पुढें वर्षानुवर्षें संकर करीत व हजारों रोपें उपटून टाकीत १९०६ सालीं त्यानें जें फळ बाजारांत आणलें त्यास आपल्या गांवाचें नांव दिलें. हीच जात पुढें हिमाचल प्रदेशांत रुजली. उन्हाळ्यांत मुंबई-पुण्याच्या बाजारांत जांभळट तांबडीं फळें येतात त्यांत तिचा भरणा मोठा असतो. सांता रोझा एकटाहि थोडीबहुत फळें देतो. सोबत असली तर अधिक देतो.

ज्याच्या अंगणांत एकाच झाडापुरती जागा आहे, त्यानें मात्र सोबतीवर अवलंबून न राहणारी जात घ्यावी, हें उघड आहे. इंग्लंडांत अशा गृहस्थाचा हात आपोआप व्हिक्टोरियाकडे जातो. ससेक्स परगण्यांत आपोआप उगवलेल्या एका रोपट्यापासून ही जात निघाली असें सांगतात. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास ती राणीच्या नांवानें विकली जाऊं लागली. ती एकटी फळते, आणि इतकी फळते कीं भारानें फांद्या मोडतात व पुढच्या वर्षीं झाड दमून बसतें. म्हणून जूनमध्यें, फळें बोराएवढीं असतांनाच, दोन फळांमध्यें दोन-तीन बोटें अंतर राहील इतकी विरळणी केली पाहिजे. हातानें फळ तोडून टाकण्यास जीव होत नाहीं, हें खरें. पण न तोडणाऱ्यास फांदीच गमवावी लागते. दुसरें असें कीं, ओल्या हिंवाळ्यांत केलेल्या छाटणीच्या जखमेंतून एक बुरशी शिरून पानें रुपेरी होतात व झाड मरतें. यास्तव छाटणी उन्हाळ्यांतच करावी. सावलीच्या कोपऱ्यासाठीं झार ही जात बरी, पण ती शिजवून खाण्याची. अमेरिकेंतील थंड प्रदेशांत स्टॅन्ले हा १९२६ सालचा प्रून एकटा फळतो. सौम्य हिंवाळ्याच्या मुलखांत मेथली. चवीच्या दृष्टीनें ग्रीनगेजची बरोबरी यांपैकीं कोणीच करीत नाहीं. पण त्याचें पीक बेताचें असतें, आणि पहिलें व एकुलतें झाड म्हणून तो घेणाऱ्याच्या पदरीं निराशा येण्याचा संभव अधिक.

आतां आपल्या घरचा प्रश्न. पुण्या-नाशिकाकडेहि फळांचें रंगीत चित्र लावलेलीं प्लमचीं रोपें मोह घालतात. येथें जोडीदाराच्या आधीं थंडीचा हिशेब करावा लागतो. पानें झडून निजलेल्या झाडाच्या कळ्या पुन्हां जाग्या होण्यास कांहीं ठराविक काळ थंडी अंगावरून जावी लागते. ती ७ अंश सेल्सिअसच्या खालीं गेलेल्या तासांनीं मोजण्याचा प्रघात आहे. युरोपीय जातींस बहुधा ७०० तासांहून अधिक लागतात, जपानी जातींस सामान्यतः त्याहून कमी. निफाडास एखादे रात्रीं पारा ५ अंशांखालीं उतरल्याची बातमी दर हिंवाळ्यास आपण वाचतों खरी; पण अशा रात्री मोजक्याच, आणि दुपारचें कडक ऊन मिळालेली थंडी बऱ्याच अंशीं पुसून टाकतें. अशा ठिकाणीं सांता रोझा लावला तर तो मरणार नाहीं कदाचित्, पण कळ्या उशिरां व तुरळक फुटतील, आणि फळाची आशा धरूं नये.

थोड्या थंडीवर भागणाऱ्या जाती नाहींत असें नाहीं. पंजाबच्या सपाटीवर त्यांची लागवड होते, आणि तेथेंहि तीच सोबतीची गोष्ट पुन्हां भेटते. लुधियानाच्या कृषि विद्यापीठानें प्रसृत केलेली सतलज पर्पल ही जात मोठ्या, देखण्या फळाची. पण ती एकटी फळत नाहीं, तिच्या शेजारीं काला अमृतसरी लावावा लागतो. काला अमृतसरी स्वतः एकटा फळतो. तेव्हां पंजाबांत राहणाऱ्या ज्या गृहस्थास एकच झाड लावावयाचें आहे त्यानें देखण्या फळाचा लोभ सोडून काला अमृतसरीच घ्यावा. महाराष्ट्राच्या पठारावर मात्र पंजाबाइतकीहि थंडी पडत नाहीं. येथें एका झाडाची जागा असेल तर ती अंजिरास किंवा सीताफळास द्यावी.

जातीबरोबर खुंटहि विचारून घ्यावा, कारण झाडाची उंची बरीचशी त्यावर ठरते. पिक्सी या खुंटावरचें झाड दहा फुटांच्या आसपास थांबतें, सेंट ज्यूलिअन ए या खुंटावरचें पंधराच्या आसपास. रानटी मायरोबालन खुंटावरचें वीस फूटहि ओलांडतें.

आरंभीं सांगितलेल्या कुटुंबास झाडें तोडण्याचें मात्र कारण नाहीं. शेजाऱ्याच्या आवारांत सांता रोझा असेल तर मधमाश्या कुंपण मानीत नाहींत. नसेल तर हिंवाळ्यांत, झाड निजलेलें असतांना, सांता रोझाच्या एक-दोन काड्या मिळवून ओल्या कापडांत गुंडाळून थंड जागीं ठेवाव्या आणि वसंताच्या तोंडाशीं, कळ्या फुगूं लागण्याच्या वेळीं, सत्सुमाच्याच एका फांदीवर त्यांचें कलम बांधावें. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षीं ती फांदी फुलूं लागली कीं तिचा पराग साऱ्या झाडास पुरतो. त्या फांदीस तेवढी एक ठळक खूण बांधून ठेवावी. नाहीं तर पुढल्या छाटणीच्या वेळीं नेमकी तीच कापली जाते.